अकराव्या नमुन्याची चव

दादा,

दहाव्या दिवशी रामघाटावर मी पूर्ण तयारीनं गेले होते. तुझ्या मिहिरनं पिंड मांडले, शेजारी मी केलेली कैरीची डाळ ठेवली आणि आम्ही सगळे मागे सरून सावलीला उभे राहिलो. माझा अंदाज असा, की तू कावळ्याला तासभर तरी जवळ फिरकू देणार नाहीस. उभ्या आयुष्यात तू कुठली गोष्ट पहिल्या बोलावण्याला मान्य केलीस? गुरुजी म्हणाले, "कुछ इच्छा बाकी रही हो तो बोल दीजिए, दीदी, मन में मत रखिए." मी एक पाऊल पुढे टाकलं, घसा साफ केला, काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि तेवढ्यात कावळा आलाच. सरळ डाळीवर उतरला, दोन चोची मारल्या, पिंडाला शिवला आणि उडून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. किती तृप्त गेला माणूस, असं मागून कुणीतरी म्हणालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तृप्त कसला? रविवारी माझ्याशी कडाकडा भांडलास. सोमवार, मंगळवार, बुधवार ना तुझा फोन ना माझा. गुरुवारी पहाटे झोपेतच गेलास. एवढं अर्धवट भांडण मागे ठेवून माणूस तृप्त जातो का? निदान कावळ्याला थोडा वेळ थांबवून धरायचं, म्हणजे मला बोलता तरी आलं असतं. तिथंही घाई.

तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, तुला मिळालेली ढाल, हे सगळं मिहिरनं पेपरात दिलंय, फोटोसकट. फोटोत तू हसतोयस, म्हणजे तो फोटो माझ्यासमोर काढलेला नाही. मला ते काही पुन्हा लिहायचं नाही. मला लिहायचंय ते आपल्या रविवारांबद्दल.

वहिनी गेल्यावर तू नाशिक सोडून उज्जैनला परत आलास आणि नानाखेड्याला फ्लॅट घेतलास, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, मी माधवनगरला, तू नानाखेड्याला, मधे ऑटोनं दहा मिनिटं. दोघं म्हातारे बहीणभाऊ संध्याकाळी घाटावर जाऊन बसू, आईबाबांच्या गोष्टी काढू, कधी दाल-बाफले करू. आणि तू काय केलंस? मला रविवारी सकाळी अकरा वाजता वाइनच्या ग्लासासमोर बसवलंस. महाकालाच्या गावात. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकादशी पाळणाऱ्या, साठीच्या बाईला. मी ऑटोतून उतरायची तेव्हा समोरून लोक दर्शन करून, कपाळाला भस्म लावून परत येत असायचे, आणि मी त्यांची नजर चुकवत तुझा जिना चढायची.

अकराच का, तर तुझं म्हणणं, अकराला जीभ सगळ्यात जागी असते. चहाचा गोडवा गेलेला असतो आणि जेवणाचं तिखट अजून आलेलं नसतं. म्हणून रविवारी पोहे-जिलबी बंद. उज्जैनमध्ये राहून रविवारी सकाळी पोहे-जिलबी खायची नाही, हा काय न्याय झाला? शिवाय प्यायचीही नाही. घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा आणि आईच्या जुन्या पातेल्यात थुंकायचा. शेजारच्या चौबेबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "दीदी, भाईसाब इतवार को इतना कुल्ला क्यों करते हैं?" मी सांगितलं, डॉक्टर ने बोला है. त्यांनी बिचाऱ्यांनी पुढच्या रविवारी तुझ्यासाठी हळदीचं दूध पाठवलं. तू ते मला प्यायला लावलंस, आणि मग जीभ बिघडली म्हणून मलाच अर्धा तास नुसतं पाणी प्यायला लावून बसवून ठेवलंस.

हे सगळं निवृत्तीभाऊंसाठी. नाशिककडचा साधा बागायतदार माणूस, द्राक्षाच्या बागेशेजारी छोटीशी वायनरी काढली, आणि त्यांच्या मनात आलं की बाटलीच्या मागच्या लेबलावर चवीचं वर्णन मराठीत हवं. गावातल्या माणसालाही वाचता यावं असं. खाली तुझं नाव छापायचं, 'चव सांगणार' म्हणून. बत्तीस वर्षं तू दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांमध्ये वाइन चाखत जीभ झिजवलीस, कुठल्या बाटलीवर तुझं नाव आलं नाही. निवृत्तीभाऊंचं पत्र आलं त्या दिवशी तू मला तीनदा फोन केलास आणि तीनही वेळा दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोललास. मग नमुन्याच्या बाटल्या येऊ लागल्या. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा चिकटवलेला. तुझं अक्षर माझ्याशिवाय जगात कुणाला लागत नाही, म्हणून तू सांगायचं आणि मी सुवाच्य लिहून फोनवरून त्यांना पाठवायचं, असं तू परस्पर ठरवून टाकलंस.

आणि तुझी ती आंबटाची हौस. तुला गोड वाइनमध्ये काडीचा रस नव्हता. तुला लागायची ती जिभेला जागं करणारी, आंबटाचा कणा असलेली. आंबटपणा नसेल तर वाइन बसून राहते, उठून चालत नाही, असं तू म्हणायचास. मला शिकवण्यासाठी तू पहिले तीन रविवार वाइन उघडलीच नाहीस. चार वाट्या मांडल्यास. लिंबाचं पाणी, चिंचेचं पाणी, हिरव्या सफरचंदाचा रस आणि ताक. डोळे मिटून ओळखायचं. लिंबू समोरून चावतं, चिंच जिभेच्या दोन्ही कडांनी मागे जाते, सफरचंद दातांना लागतं आणि ताक नुसतं पसरतं. द्राक्ष आणि चिंच आतून सख्ख्या बहिणी आहेत, दोघींचा आंबटपणा एकाच जातीचा, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की एकदा मी चिडून म्हटलं, मग चिंचेचीच वाइन काढ आणि मला घरी जाऊ दे. माझे दात आंबून गेले होते. त्या रात्री मला भातसुद्धा चावेना.

नुसतं आंबट म्हटलेलं तुला चालायचं नाही. कुठे आंबट, किती वेळ आंबट, गेल्यावर तोंडात काय ठेवून गेलं, ते सांग. मग ती तुझी परीक्षा. घोट थुंकल्यावर ओठ मिटायचे, मान खाली घालायची आणि तोंडाला पाणी सुटतंय का ते बघायचं. जितकं पाणी, जितका वेळ, तितकी वाइन तरतरीत. तू घड्याळ धरून समोर, आणि मी मान खाली घालून, तोंडात लाळ जमवत, बाबांनी त्यांच्या शाळेत वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलीसारखी. हे करायला मी दीड-दोन वर्षं दर रविवारी येत होते, यावरून तरी तुला काही समजायला हवं होतं.

एक कबूल करते. पाचव्या नमुन्याच्या वेळी मी सहज बोलून गेले, की उन्हातून आल्यावर माठाचं पाणी पितो ना, तसं वाटतंय, पण माठात कुणीतरी चिंचेचं बुटुक टाकलंय. तू हातातलं घड्याळ खाली ठेवलंस. मग म्हणालास, "लिही. हे असंच लिही, एक शब्द बदलू नकोस." घरी जाताना ऑटोत मी ते वाक्य चार वेळा मनात म्हटलं. साठाव्या वर्षी मला कुणी नवीन काही शिकवलं असेल तर ते तू. तू गेल्यापासून मी साधं वरण खाते आणि त्यात आमसूल कुठे लागतंय ते शोधत बसते. जेवण थंड होतं. हीही तुझीच देणगी.

आता मुद्द्यावर येते, कारण तू कधी येऊ दिलं नाहीस.

गेल्या वर्षी तुझ्या घशात गाठ निघाली. इंदूरला महिना-दीड महिना रेडिएशनचे शेक घेतलेस, गाठ गेली, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात. तोंड कोरडं पडेल, चव जाईल, काहींची परत येते, काहींची येत नाही, हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तीन महिन्यांनी मी विचारलं. तू माझ्यासमोर कैरीचा काप मीठ-तिखट लावून खाल्लास, डोळा मिटून चक् असा आवाज काढलास आणि म्हणालास, "आ गई वापस, कुंदे. पूरी की पूरी." मी विश्वास ठेवला. त्या संध्याकाळी मी देवापुढे साखर ठेवली.

विश्वास ठेवायला नको होता, हे आता एकेक आठवून कळतंय. तू माझ्या वरणातल्या मिठाची खोडी काढायचं बंद केलंस. जन्मभर माझ्या हातच्या वरणाला नावं ठेवणारा माणूस मुकाट्यानं जेवू लागला. मला वाटलं, आजारानं सुधारला. कणकेचे घट्ट बाफले तू कढीत बुडवून बुडवून खाऊ लागलास. खिशात एक छोटी फवाऱ्याची बाटली आली, ती दम्याची आहे म्हणालास. तुला दमा कधी झाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि रविवारी तू माझी खुर्ची हलवलीस. आधी आपण शेजारी बसायचो. मग तू मला खिडकीसमोर बसवू लागलास, उजेडाकडे तोंड करून, आणि स्वतः समोर. मला वाटलं, वाइनचा रंग बघायला उजेड हवा असेल. "तू आधी घे," म्हणायचास, "माझी जीभ अजून चहातच आहे." मला वाटलं, मान देतोयस.

आणि मग तो रविवार. अकरावा नमुना.

तुला मी सांगितलं नव्हतं, पण माझ्या उजव्या दाढेतलं भरलेलं सिमेंट निघून पडलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू लगेच दाताच्या डॉक्टरकडे पिटाळलं असतंस, वर महिनाभर ऐकवलं असतंस, म्हणून गप्प राहिले. बाटली फ्रिजमधली. थंडगार घोट दाढेला लागला आणि डोक्यापर्यंत कळ गेली. दोन्ही डोळे मिटले गेले, खांदे वर आले, तोंडातून स्स्स असा आवाज निघाला. कळ ओसरल्यावर मी वाइनकडे लक्ष दिलं, तर तिच्यात काहीच नव्हतं. मिळमिळीत. काल केलेलं आणि उघडं राहिलेलं सरबत. मान खाली घातली, तरी तोंडाला पाणी सुटेना.

पण तू तोवर सांगायला लागला होतास. डोळे चमकत होते तुझे. लिही म्हणालास, सळसळता, कोवळ्या कैरीचा आंबटपणा, जिभेच्या कडांना चटका देऊन जाणारा, बराच वेळ रेंगाळणारा, वर्षातली सगळ्यात तरतरीत वाइन. मी पेन खाली ठेवलं.

"दादा, ही मिळमिळीत आहे," मी म्हटलं.

"मग तोंड कशाला वाकडं केलंस?"

"माझं तोंड आहे. मी कसंही करीन."

तू चिडलास. बत्तीस वर्षांचा अनुभव काढलास, नाशिक काढलंस, वहिनी काढलीस, मला चवीतलं ओ का ठो कळत नाही, मी नुसती तोंडं करते, असं म्हणालास. मी पाठीची दुखणी आणि ऑटोचे धक्के सोसून येते, हे मी काढलं. दोघांचेही आवाज इतके चढले की चौबेबाईंनी त्यांचा टीव्ही बारीक केला. आणि मग मी म्हटलं, "तुझी जीभ गेली आहे दादा. मान लो ना अब."

तू उठलास, ग्लास विसळायला घेतलेस. मला तेव्हा वाटलं, रागावलास. पाठ करूनच म्हणालास, मी सांगितलं तेच लिही आणि पाठव. मी लिहिलं. अक्षरन् अक्षर तू सांगितलं तसं, आणि तिथं तुझ्याच खुर्चीत बसून निवृत्तीभाऊंना पाठवून दिलं. चुकीचं आहे हे माहीत असून, मुद्दाम, तुझी जिरावी म्हणून. छापून येऊ दे, लोक पिऊ देत, मग कळेल. खाली तुझं नाव असणार हे मला ठाऊक होतं. तेच तर मला हवं होतं.

चार दिवसांनी तू गेलास.

तेरावं झाल्यावर मिहिर म्हणाला, "आत्या, बाबांचे कागद तूच बघ, मला एक अक्षर लागत नाही." मी बसले. वीजबिलं, इंदूरची फाइल, आणि ती चौकटीची जाड वही, नाशिकच्या प्रयोगशाळेपासूनची. मला वाटलं, यात तुझी खरी टिपणं असतील. पहिल्या पाचसहा नमुन्यांना होतीही. मग तुझा आजार. त्यानंतरच्या पानांवर वाइनबद्दल एक शब्द नाही. सगळं माझ्याबद्दल आहे.

'नमुना सात. कुं.: डावा डोळा मिटला. दोनदा गिळलं. चौथ्या सेकंदाला "आई गं". चिंच जास्त, सफरचंद कमी.' 'नमुना आठ. कुं.: भुवया वर, नाक मुरडलं, मग हसली. लिंबाची साल. हसली म्हणजे शेवट गोड.' 'नमुना नऊ. कुं.: मान खाली, सतरा सेकंद वर बघितलं नाही. उत्तम.' पानंच्या पानं. माझं कपाळ, माझ्या पापण्या, माझा घसा. पारा किती चढला हे लिहावं, तसं माझं तोंड तू लिहून ठेवलंयस. मला जन्म देणाऱ्या आईनं माझ्याकडे इतकं निरखून बघितलं नसेल.

मला आधी काय वाटलं असेल? राग. असा राग, की वही भिंतीवर फेकावी. नुसती तोंडं करते म्हणालास ना मला? त्या तोंडांवर तुझं दुकान चाललं होतं, दादा. वर्षभर माझ्या जिभेची चव तू तुझ्या नावावर सांगत होतास आणि वर मलाच अडाणी ठरवत होतास. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? गावभर दवंडी पिटली असती का? मी आधीसारखीच आले असते, आधीसारखीच तुझ्या त्या पातेल्यात थुंकले असते, आणि तुझ्या नावानं लिहून दिलं असतं. एवढंही तुला माझ्याबद्दल वाटलं नाही?

मग आणखी एक सुचलं आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. तूही घोट घेत होतास. माझ्यानंतर, दर वेळी. लाळ नसलेल्या, शेकानं भाजलेल्या तोंडात तो आंबट घोट कसा झोंबत असेल? चव म्हणून काही नाही, नुसती आग. तू तो तोंडभर फिरवायचास, मान हलवायचास, थुंकायचास, आणि मग घाईनं पाणी प्यायचास. मी तेव्हा म्हणायची, किती घाई रे तुला.

शेवटच्या पानावर अकरावा नमुना आहे. 'कुं.: दोन्ही डोळे मिटले, खांदे वर, स्स्स. फार तरतरीत.' आणि त्याखाली, वेगळ्या पेननं, आणखी वाकड्या अक्षरात, तीन ओळी. 'दाढ? पंधरा दिवस डावीकडूनच चावते आहे. कुं. बरोबर होती. निवृत्तीला कळवणे.'

या तीन ओळी कधी लिहिल्यास ते तू लिहिलेलं नाहीस. सोमवारी असेल, बुधवारी असेल. पंधरा दिवस मी कुठल्या बाजूनं चावते हे तुला दिसत होतं, पण दहा आकडे दाबून 'कुंदे, तुझं बरोबर होतं' एवढं म्हणायला तुला जड गेलं. हे वाक्य ऐकायला मी सहा वर्षांची असल्यापासून थांबले आहे. आणि तू ते लिहून ठेवलंस, तेही अशा अक्षरात, की माझ्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये. निवृत्तीभाऊंना तू नेमकं काय कळवणार होतास, हेही मला कळायला मार्ग नाही. जीभ गेली हे सांगणार होतास? तू? मला नाही वाटत. आणि वाटतंही.

दुसऱ्या दिवशी मी दाढ भरून घेतली. मग पुढच्या रविवारी किल्ली घेऊन तुझ्याकडे गेले. अकराव्या नमुन्याची दुसरी बाटली फ्रिजमध्ये होती. पोहे खाल्ले नव्हते. अकरा वाजता खिडकीसमोर बसले, घोट घेतला, फिरवला, थुंकला, मान खाली घातली. पाणी सुटलं नाही. पुन्हा घेतला. द्राक्षं उशिरा तोडलेली असणार, उन्हानं आंबट सगळं खाऊन टाकलेलं. वाईट नव्हती ती, दादा. फक्त तरतरीत नव्हती. मी लिहिलं, 'मवाळ, गोडसर वासाची, पिकल्या पेरूची आठवण देणारी. आंबटाची धार कमी. चांगली थंड करून प्यावी, जेवण साधं असावं.' तू यातले निम्मे शब्द खोडले असतेस. मी नाही खोडले.

मग निवृत्तीभाऊंना फोन लावला. लेबलं छापायला गेली का, विचारलं. ते म्हणाले, दादांचं असं झालं म्हणून थांबलो होतो, उद्या देतोय. मी म्हटलं, अकराव्या नमुन्याचं टिपण चुकलंय, ते छापू नका.

"चुकलंय म्हणजे? दादांनीच सांगितलेलं ना?"

वही माझ्या मांडीवर उघडी होती. खरं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. त्यात माझी काहीच चूक निघाली नसती, उलट वर्षभराची चव कुणाची ते त्यांना कळलं असतं, आणि लेबलाखाली कुणाचं नाव यायला हवं तेही.

"दादानं बरोबर सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच दुसऱ्या एका नमुन्याचं टिपण अकराव्याच्या नावावर पाठवलं. खरं आता पाठवते."

ते सुटल्यासारखे हसले. "तरीच. मी दोनदा चाखून पाहिली, मला काही ती तरतरी गावेना. वाटलं, आपलीच जीभ बिघडली. दादांची जीभ काही चुकायची नाही." मग आवाज थोडा कडक झाला. "पण ताई, तुम्ही लिहून घेताना ध्यान द्यायला पाहिजे होतं. खाली त्यांचं नाव जाणार होतं."

तुझ्या चुकीबद्दल मी परक्या माणसाचं बोलणं खाल्लं, दादा, आणि उलटून एक शब्द बोलले नाही. "चुकलं माझं," मी म्हटलं.

फोन ठेवला तरी मी तशीच बसून राहिले. तुझी जीभ गेली असं मी तुझ्या तोंडावर म्हटलं, त्यानंतरचे चार दिवस हे दोन शब्द माझ्या तोंडात होते आणि मी ते गिळत राहिले. आता सांगायला कुणी नव्हतं, समोरची खुर्ची रिकामी होती. मी खुर्चीकडे बघून ते पुन्हा म्हटलं, या वेळी खरं असलेलं. दादा, चुकलं माझं.